अकराशे ऐंशी

बोहारणीने कोट परत केला, झालं ते एवढंच. पौषातली सकाळ होती. सांगलीजवळच्या विश्रामबागेतल्या आमच्या घराच्या पायरीवर माझी बायको शरयू जुने कपडे मांडून बसली होती आणि समोर बोहारीण साळूबाई एका पितळी पातेल्यासाठी आणखी एक लुगडं मागत होती. दोन धोतरं तिने घेतली, शरयूचं विटकं लुगडं घेतलं, आणि माझा खाकी जिनाचा कोट उलगडून उजेडाकडे धरला. उजव्या बाहीला मनगटाच्या वर तीन भोकं होती, एक मसुराच्या दाण्याएवढं आणि दोन त्याहून बारीक. त्यांतून उन्हाचे तीन ठिपके तिच्या गालावर पडले. "हे उंदराचं काम न्हवं बाई," ती म्हणाली. "उंदीर कडंनं कुरतडतोय. हे मधनंच खाल्लंया. काय सांडलं हुतं ह्येच्यावर?" शरयू म्हणाली, विडीची ठिणगी पडली असेल. मी जन्मात विडी ओढली नाही हे तिला तेहेतीस वर्षं माहीत आहे, पण पातेलं हवं होतं. साळूबाई हसली आणि कोट तसाच शेजारी बसलेल्या माझ्या मांडीवर टाकून म्हणाली, "मास्तरांस्नीच इचारा की." मी कोट उचलून आत आलो आणि खाटेवर बसलो. जिभेच्या मुळाशी आंबट चव आली होती, तांब्याची तार चाटल्यावर येते तशी. तीन वर्षं कोट ट्रंकेत तळाशी होता. तिथेच राहिला असता. पण शरयूने आजच ट्रंक उपसली होती, आणि आजच दुपारी पाटणकडची राहीबाई येणार होती.

तिच्या दिराचं, जोतिबाचं, कार्ड परवाच आलं होतं. राहीबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, मिरजेच्या दवाखान्यात आणलंय, एका डोळ्याचं काम झालं, आता गावी परतताना मास्तरांना भेटून जायचं म्हणते. कार्ड मी शरयूला वाचून दाखवलं आणि शेवटची ओळ गाळली. शेवटच्या ओळीत जोतिबाने लिहिलं होतं, वहिनींना तुमच्याकडून ते एकदा ऐकायचं आहे. ते म्हणजे काय हे त्याने लिहिलं नव्हतं, लिहायची गरजही नव्हती. माझ्याकडे दुपारी पाच मुलं अपूर्णांक शिकायला येतात. त्यांना आज येऊ नका असं सांगायला मी सकाळीच शेजारी जाऊन आलो. धाकटी विनोदिनी म्हणाली, का नको? मुलाच्या 'का'ला उत्तर द्यायचं, हा माझा तीस वर्षांचा नेम आहे. मी म्हणालो, पाहुणे आहेत. ती म्हणाली, मग आम्ही गप्प बसू. मी तसाच परतलो.

लढाईच्या दिवसांत मी पाटणच्या शाळेवर हेडमास्तर होतो. एका शिक्षण मंडळीचा ट्रेलर गावोगाव फिरायचा. लॉरीमागे जोडलेली दोन चाकांची लाकडी खोलीच ती. आत निजायची फळी, नकाशे, चित्रं दाखवायचा दिवा, रेडिओ, बोलायचा मायक्रोफोन आणि टपावर पितळी कर्णा. पुढे पेट्रोल मिळेना आणि लॉरीही लढाईच्या कामाला गेली. ट्रेलर आमच्या शाळेच्या आवारात आंब्याखाली राहिला, पुढचा दांडा दगडावर टेकवून. मंडळीच्या चिटणिसांनी कुलपाची किल्ली माझ्या हातात दिली आणि सांगितलं, बाकी काही बिघडणार नाही मास्तर, फक्त बॅटरी जिवंत ठेवा. जिवंत हा शब्द मला तेव्हा गमतीचा वाटला. काळी, जड पेटी, वर सहा बुचं. महिन्यातून एकदा मी ती गोणपाटात बांधून सर्व्हिस मोटारीच्या टपावर चढवायचो. मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची, चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. तशी ती पेटी साताऱ्याला, पोवई नाक्याजवळच्या नाथाजीच्या दुकानात जायची. नाथाजी मागच्या लढाईत बसऱ्याला मोटारींवर होता. ऑइल इंजिनावर तो बॅटऱ्या चार्ज करायचा, आणि चार्ज होताना बुचांतून बारीक बुडबुड्यांचा आवाज यायचा तो मान कलती करून ऐकायचा. पहिल्या खेपेलाच त्याने मला समोर बसवून धडा दिला. मी चांगला विद्यार्थी आहे. वहीत लिहून घेतलं. तारा सोडून ठेवायच्या. फळीवर ठेवायची, जमिनीवर नाही. आतलं पाणी खाली गेलं तर औषधाच्या दुकानातलं बाटलीतलं शुद्ध पाणी घालायचं, विहिरीचं नाही. आणि काचेच्या नळीने आतलं पाणी ओढून बघायचं: नळीत एक तरंगती काडी असते, तिच्यावर आकडे असतात. बाराशे पन्नास म्हणजे पोट भरलेलं. अकराशे ऐंशी म्हणजे उपाशी. "वापरून मरत न्हाई ही, मास्तर," नाथाजी म्हणाला. "उपाशी ठिवली की मरती. आतल्या पत्र्यांवर पांढरं मीठ धरतंय. मग किती बी पाजा, पोटात ऱ्हात न्हाई. आन वरनं बघून काय बी कळत न्हाई. पेटी तशीच दिसती."

पेटी तशीच दिसते. मी खाटेवर बसलो होतो आणि कोटाच्या भोकातून बोट आरपार घालून बघत होतो. बाहेर साळूबाई आणि शरयू अजून पातेल्यावर बोलत होत्या. मी मुलांना विजेचा धडा दिला नसता तर, हा विचार मी इतक्या वेळा केलाय की आता तो विचार राहिला नाही, वाटेवरचा दगड झालाय. तिथे आलं की पाय आपोआप उचलला जातो. पण त्या वर्गाला मी वीज कशी दाखवणार होतो? त्यांच्या घरी कंदील होते. पुस्तकात लिहिलं होतं की वीज तारेतून वाहते, आणि मुलं ते पाठ म्हणत होती, तशीच जशी ती गोदावरी कुठे उगम पावते ते म्हणत. मी ट्रेलरचं कुलूप काढलं, बॅटरी व्हरांड्यात आणली, एक छोटा बल्ब जोडला. एकाने लावला की दुसऱ्याला लावायचा असे. सगळ्यांनी स्वतःच्या हाताने लावला पाहिजे, हे मी ठरवलं. बेचाळीस मुलं होती. एकालाही मी पुरे म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, कारण काहींना पटलं नव्हतं की उद्याही लागेल. बुधवारी मी त्यांना काचेची नळी दाखवली. आकडा डोळ्याच्या रेषेत धरून कसा वाचायचा ते शिकवलं, वरून वाचला की चुकतो. लीला नावाची एक मुलगी होती, सुताराची. तिने गुडघे टेकले, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "अकराशे ऐंशी, मास्तर." मी म्हणालो, शाब्बास. तिने अचूक वाचलं होतं. सगळ्या वर्गासमोर मी तिला शाब्बास म्हणालो, आणि आकडा काय सांगत होता तिकडे माझं लक्षच गेलं नाही. म्हणजे गेलं. खोटं बोलून उपयोग नाही. गेलं, पण वाचन बरोबर आल्याचा आनंद त्याहून मोठा होता.

त्याच शनिवारी राहीबाईच्या मुलाचा निरोप रेडिओवर येणार होता. कृष्णात तिचा एकुलता एक. नवरा लवकर गेला. कृष्णात पलटणीत भरती झाला आणि पार इटलीत पोचला. पलटणीकडून पत्र आलं होतं की अमुक शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेसहा मराठी जवानांचे निरोप त्यांच्याच आवाजात लावतील, त्यात कृष्णातचं नाव आहे. ते पत्र राहीबाईने शाळेत आणून मला वाचायला लावलं, घरी गेली, परत आली, पुन्हा वाचायला लावलं. तालुक्यात रेडिओ दोन-तीन होते आणि तिला कुणी त्या घरांत बसवून घेणार नव्हतं. मी म्हणालो, आपला ट्रेलर आहे. बुधवारी आकडा बघितला, गुरुवारी बॅटरी साताऱ्याला धाडायची ठरवलं. पण मोटारीची कोळशाची टाकी फुटली होती. सोमवारपर्यंत मोटार नाही. बैलगाडीने धाडली असती तर जाऊन येऊन शनिवार उलटला असता. मी हिशेब केला. अर्धा तास तर चालायचं आहे. अर्धा तास निघेल.

आणि निघालाही असता. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. शनिवारी चारपासूनच माणसं आंब्याखाली जमली. कुणी वाडीवरून चालत आलं होतं, बायका पदरात भाकरी बांधून आल्या होत्या. पुढे घोंगडीवर धुवट लुगडं नेसून राहीबाई बसली, हात मांडीवर, जशी फोटो काढायला बसतात. दीडशे माणसं, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या घरचं कुणी ना कुणी लढाईत. मुलं झाडावर चढली होती. एवढी माणसं समोर गप्प बसलेली बघितल्यावर माझ्यातला मास्तर उठला. मी यंत्र चालू केलं. आत भुंगा कोंडल्यासारखी घरघर सुरू झाली. मी मायक्रोफोन हातात घेतला आणि लोकांना समजावून सांगू लागलो. आवाज हवेतून कसा येतो, लाट म्हणजे काय, विहिरीत दगड टाकला की कडेपर्यंत काय पोचतं. माझा आवाज कर्ण्यातून डोंगरावर जाऊन परत येत होता. तसा आवाज मी माझा कधी ऐकला नव्हता. एका म्हाताऱ्याने विचारलं, म्हंजे त्यो पोरगा आत्ता तिकडं बोलत असंल? मला बरं वाटलं, प्रश्न चांगला होता, मी त्याला सविस्तर उत्तर दिलं. पाऊण तास मी बोललो. सहाला दहा कमी असताना यंत्रावरचा दिवा पिवळा पडला तो मी बघितला.

निरोप सुरू झाले. पहिला कराडकडचा कुणी होता, दुसरा वाळव्याचा. दुसऱ्याच्या मध्येच कर्ण्याचा आवाज लहान होत गेला, जसा माणूस बोलत बोलत दूर चालत जावा. लोक पुढे सरकले. मी आत धावलो, कर्णा बंद केला, कानाला लावायचा फोन जोडला, म्हणजे उरलेली ताकद तेवढ्याला पुरेल. तारा दाबल्या. मग, काय करतोय हे न कळून, मी बॅटरीच दोन्ही हातांनी धरून हलवली, वर्गात दगडासारख्या बसलेल्या पोराला दंड धरून हलवावं तशी. आतलं तेजाबाचं पाणी बुचातून उडालं, बाहीवर पडलं. कानात खूप लांबून सांगणाऱ्याचा आवाज आला, शिपाई कृष्णात, तालुका पाटण. मग कुणीतरी खाकरलं. मग एक शब्द. मग भुंगा थांबला.

मी दारात आलो तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. राहीबाई उठून उभी राहिली होती. म्हणाली, "काय म्हनला त्यो?" तिच्या स्वरात शंका नव्हती. मास्तर आत होते, मास्तरांच्या कानाला यंत्र होतं, मास्तरांनी ऐकलं असणार. जो शब्द माझ्या कानात आला होता तो तिच्यासाठी नव्हता, अशी माझी खात्री होती. दुसऱ्याच कुणाचा निरोप मध्ये घुसला असावा असं मला वाटलं. मी म्हणालो, "म्हणाला, आई, मी खुशाल आहे. तू जिवाला जप. माझी काळजी करू नकोस." दीडशे माणसांनी श्वास सोडला. कर्णा का बंद पडला असं कुणी विचारलं तेव्हा मी म्हणालो, डोंगर आडवे येतात. लीला झाडाखाली उभी होती. तिला अकराशे ऐंशी माहीत होतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि काही बोलली नाही. मी तिला चांगलं शिकवलं होतं.

वैशाखात तार आली. कृष्णात इटलीत पडला.

त्यानंतर दर सोमवारी, बाजाराच्या दिवशी, राहीबाई शाळेच्या पायरीशी यायची. टोपली खाली ठेवायची, पदर नीट करायची आणि विचारायची, "मास्तर, काय म्हनला हुता त्यो?" मी सांगायचो. ती मान हलवायची, माझ्या तोंडाकडे थोडा वेळ बघायची, टोपली उचलून जायची. पुढच्या सोमवारी पुन्हा. मी एक शब्दही बदलला नाही. बदलला असता तर खोटं उघडं पडलं असतं. निवृत्त होऊन इकडे येईतो, दीड वर्ष मी ते पाठ म्हणत होतो. शाळेत मी एक रीत पाळत आलो. चुकलेल्या मुलाला छडी नाही आणि उत्तरही नाही; प्रश्नच पुन्हा विचारायचा, तसाच, त्याच आवाजात, मूल स्वतः खऱ्यापर्यंत येईतो. सोमवारी ही रीत मला कधी आठवली नाही. बॅटरी मी त्या उन्हाळ्यातच नाथाजीकडे नेली. त्याने बुचं काढून उजेडात बघितलं, म्हणाला, मीठ धरलं. मी विचारलं, काही करता येईल? तो म्हणाला, "इस्तवाचं काम असतं तर फुंकर मारली असती, मास्तर." कोट धुवायला टाकला आणि पिळताना बाहीला तीन भोकं पडली.

राहीबाई साडेतीनला आली. टांगा फाटकाशी थांबला आणि जोतिबाने तिला हात धरून उतरवलं. लढाईत तो मुंबईला गिरणीत होता, त्याला मी आजच पहिल्यांदा बघत होतो. उंच, वाकलेला, डोक्याला मफलर. राहीबाई मात्र लहान झाली होती. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा डोळा दुधासारखा. शरयूने सतरंजी टाकली. जोतिबा म्हणाला, "वैनी, हितं पायरी हाय. जरा बेतानं." ती पायरी चाचपून चढली. तो पुन्हा म्हणाला, "बसा वैनी, म्या भाईरच हाय," आणि टांगेवाल्याकडे गेला.

मी उभा होतो तो तसाच राहिलो. शरयू पाणी आणायला आत गेली. मी राहीबाईकडे वळलो. विचारलं, घरात दीर किती? ती म्हणाली, दोघं. धाकटा कऱ्हाडला असतोय. कृष्णात लहान असताना सगळे एकत्रच होते? "व्हय की. दिरांच्याच मांडीवर वाढला त्यो. मी रानात असायची, ह्ये दोघं सांभाळायचे." मग तिने पदर नीट केला. हात मांडीवर ठेवले. मला ते हात बघून आंब्याखालची घोंगडी आठवली. "मास्तर," ती म्हणाली, "काय म्हनला हुता त्यो?"

पाठ केलेलं ओठांवर आलं होतं. आई, मी खुशाल आहे. शरयू पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. खाटेवर कोट पडला होता. मी राहीबाईसमोर सतरंजीवर बसलो, मास्तर बसत नाही तसा, गुडघे मोडून. मी तिला बॅटरीचं सांगितलं. बेचाळीस मुलांनी लावलेला बल्ब सांगितला, बुधवारचा आकडा सांगितला, मी पाऊण तास कर्ण्यात बोललो ते सांगितलं. डोंगर आडवे आले नव्हते हेही सांगितलं. तिला त्यातलं किती कळत होतं मला माहीत नाही. ती हलली नाही. मी म्हणालो, त्यातलं काही तो बोलला नव्हता, राहीबाई. तुमच्या मुलाचं नाव पुकारलं, तो खाकरला, आणि मला एकच शब्द ऐकू आला. मला वाटलं तो दुसऱ्याच कुणाच्या घरचा निरोप आहे, कुणी भावजयीशी बोलतंय. म्हणून मी तो तुम्हाला दिला नाही.

"कोंचा?" ती म्हणाली.

"वहिनी."

टांग्याचा घोडा फाटकाशी पाय आपटत होता. राहीबाईच्या उघड्या डोळ्यातून पाणी आलं, पण तो डोळा तसाही गळत होता, त्यामुळे ते काय होतं हे मी सांगू शकत नाही. ती म्हणाली, "त्यो मला आई कवाच म्हनला न्हाई. दीर म्हनायचे त्येच त्यो म्हनायचा. लय मारलं लहानपनी, तरी न्हाई." ती थांबली. "तुमी पयल्यांदा सांगितलं, तवाच मला कळलं, ह्ये त्येचं न्हवं."

मी विचारलं, मग दर सोमवारी का विचारत होतात? माझा आवाज मला लहान मुलासारखा वाटला.

"म्हनलं, मास्तर मानूस हाय. आज न्हाई तर उद्या खरं सांगंल." मग थोड्या वेळाने, रागाने नाही, जमिनीकडे बघत ती म्हणाली, "एवढा एकच शबूद आला हुता वो माझ्या वाट्याला. त्यो बी तुमी तीन वरीस तुमच्यापाशी ठिवला."

शरयूने तांब्या खाली ठेवला आणि आत निघून गेली. संध्याकाळी ती मला काही विचारेल किंवा विचारणार नाही, कोट पुन्हा ट्रंकेत जाईल किंवा पातेल्यावर जाईल, हे सगळं मला लांबचं वाटलं. फाटकातून जोतिबाने हाक मारली, वैनी, सांगलीची गाडी चुकंल. राहीबाईने त्याला हाताने थांब म्हटलं. ती माझ्याकडे वळली. एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यात दूध, तिला मी दिसत नव्हतो, तरी ती माझ्या तोंडाच्या रेषेत मान धरून बसली, जराही वर नाही, खाली नाही.

"पुन्यांदा सांगा," ती म्हणाली. "त्येनं म्हनलं तसं."

मी म्हणालो, "वहिनी."

तिने मान हलवली. "तसं न्हवं. वैनी."

"वैनी," मी म्हणालो.

ती वाट बघत होती. मी पुन्हा म्हणालो.